वकील लिंकन



अब्राहम लिंकनचे नाव तुम्हाला बहुधा एका पत्रामुळे ठाऊक असेल. त्याने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले म्हणून सांगतात ते पत्र. वसंत बापटांच्या मराठीतून ते कितीतरी शाळांच्या भिंतींवर लागले. पत्र छान आहे, पण लिंकनच्या कागदपत्रांत ते कुठेच सापडत नाही. म्हणून आज आपल्या भिंतीवर मी दुसराच लिंकन लावतो आहे. अमेरिकेचा अध्यक्ष होण्याआधी जवळजवळ २४ वर्षे लहानशा गावात वकिली करणारा लिंकन. त्याच्या त्या कामाचे कागद मात्र कोर्टांच्या जुन्या दप्तरांत भरपूर मिळाले आहेत.

त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकी राज्यातल्या ओंडक्यांच्या झोपडीतला. सगळी मिळून शाळा वर्षभरसुद्धा झाली नाही. पुढे इलिनॉय राज्यात न्यू सालेम या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान काढले. ते बुडाले आणि कर्ज अंगावर आले. ते फेडण्यात कित्येक वर्षे गेली. पोस्टमास्तर झाला, जमिनीची मोजणी केली. मग कायद्याचं वेड लागलं. कायद्याचे कॉलेज? छे! जॉन स्टुअर्ट नावाच्या वकिलाकडून पुस्तकं मागून आणायची आणि वाचायची. स्टुअर्ट राहायचा स्प्रिंगफील्डला, म्हणजे न्यू सालेमपासून सुमारे २० मैल, आपले ३२ किलोमीटर. १८३६ साली लिंकनला सनद मिळाली. १८३७ मध्ये तो स्प्रिंगफील्डला आला आणि स्टुअर्टचाच भागीदार झाला. गाव तेव्हा जेमतेम दीड हजार वस्तीचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावात खटले कितीसे मिळणार? म्हणूनच फिरती करावी लागे. तिकडे कौंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा भाग. अशा १४ कौंट्यांमधून न्यायाधीश वर्षातून दोनदा फेरी काढत आणि वकील मंडळी त्यांच्या मागोमाग निघत. घोड्यावरून किंवा बग्गीतून, चिखल तुडवत, चारशेहून अधिक मैल! मुक्कामाला खाणावळीत एकेका खाटेवर दोघे दोघे. लिंकन तर सहा फूट चार इंच उंच, त्याच्या शेजारी कोण झोपत असेल कोण जाणे. कोर्ट गावात आले की बाजाराला जमावी तशी माणसं जमत. उसनवारी, जनावरं, जमिनीची हद्द, अब्रू असली सगळी भांडणं पुढे यायची. फी बहुतेक वेळा ५ ते २० डॉलर. अभ्यासकांनी दप्तरे चाळून त्याची ५,००० च्या वर प्रकरणे मोजली आहेत.

कागद तो आपल्या उंच टोपीत ठेवायचा, बरं का! एकदा एका वकिलाचे पत्र आले, ते टोपीत टाकले. दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली. झाले, जुनीबरोबर पत्रही बाजूला पडले. पुढे त्याने हे कारण त्या वकिलाला सरळ लिहून कळवले.

फी न घेता लढलेला एक खटला फार गाजला. न्यू सालेमच्या हॅना आर्मस्ट्राँग बाईने गरिबीच्या दिवसांत लिंकनला जेवू घातले होते, त्याचे कपडे शिवून दिले होते. तिच्या मुलावर, डफवर, खुनाचा आरोप आला. साक्षीदार म्हणाला, २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री अकराच्या सुमारास लख्ख चांदण्यात मी डफला मारताना पाहिले. मे १८५८ मध्ये लिंकनने कोर्टात त्या वर्षाचे पंचांग काढले. त्यात होते की त्या वेळी चंद्र अगदी खाली गेलेला, मावळायला आलेला. डफ सुटला. पुढे काही लोकांनी कंडी पिकवली की पंचांगच खोटे होते. पण खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून पाहिला, चंद्र होता तो पंचांगातल्याच जागी.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आणखी एक खटला आहे.

इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे, गुलामाला आणून तिथेच वसवले तर तो स्वतंत्र होई. केंटकीचा मॅटसन नावाचा जमीनदार शेतीच्या हंगामात गुलाम इलिनॉयला आणायचा आणि परत न्यायचा. जेन ब्रायंट आणि तिच्या चार मुलांचा मुक्काम मात्र चांगलाच लांबला. तिचा नवरा अँथनी स्वतंत्र होता, पण ती आणि लेकरं मालकाची. आपल्याला विकणार हे कळताच ती मुलांना घेऊन पळाली. एका डॉक्टरने आणि एका खाणावळवाल्याने आसरा दिला. मॅटसनने दावा लावला, आणि मायलेकरांना तुरुंगात बसावे लागले. ऑक्टोबर १८४७ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा मॅटसनच्या बाजूने बोलायला कोण उभा होता? लिंकन!

तो म्हणाला, ही माणसं हंगामापुरती आलेली, वसायला नव्हे, म्हणून ती अजून मालकाचीच. डॉक्टरने पुढे सांगितले की आपण लिंकनकडे गेलो होतो, पण मॅटसनने त्याला आधीच बांधून घेतले होते. काही जण म्हणतात, जो अशील येईल त्याची बाजू मांडणे हेच वकिलाचे काम. मला ते पुरते पटत नाही. कारण सहाच वर्षांपूर्वी, १८४१ मध्ये, नॅन्स नावाच्या मुलीच्या विक्रीच्या पैशांवरून खटला झाला, तेव्हा याच लिंकनने राज्याच्या वरिष्ठ कोर्टात दुसरी बाजू मांडून जिंकली होती. इथे प्रत्येक माणूस स्वतंत्रच धरला पाहिजे आणि स्वतंत्र माणूस विकता येत नाही, असा त्या कोर्टाने निकाल दिला होता. म्हणजे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

मॅटसनचा खटला लिंकन हरला. जेन आणि तिची चारही मुलं सुटली, आणि पुढे ते कुटुंब आफ्रिकेत लायबेरियाला गेले.

११ फेब्रुवारी १८६१ ला लिंकन अध्यक्षपद घ्यायला वॉशिंग्टनला निघाला. १ जानेवारी १८६३ ला बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा त्याने काढला, हे तुमच्या पुस्तकात येईलच. निघताना तो आपल्या भागीदाराला, हर्नडनला म्हणाला, आपली पाटी काढू नकोस, परत आलो की पुन्हा वकिली करू. १८६५ च्या मे महिन्यात स्प्रिंगफील्डला आली ती त्याची शवपेटी.