शकुंतलादेवींचा २६ अंकी गुणाकार

१,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३० ही २६ अंकी संख्या म्हणजे ७६,८६,३६,९७,७४,८७० आणि २४,६५,०९,९७,४५,७७९ यांचा गुणाकार. बंगळुरूत १९२९ साली जन्मलेल्या शकुंतलादेवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तो मनातल्या मनात अवघ्या २८ सेकंदांत केला. दोन्ही १३ अंकी संख्या संगणक विभागाने यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या होत्या.

उत्तराचा पडताळा मात्र कागद-पेन्सिलीवर कुणालाही घेता येतो. गुण्याच्या अंकांची बेरीज ७८, गुणकाची ७४. नऊने भागल्यावर बाकी अनुक्रमे ६ आणि २. त्यांचा गुणाकार १२, म्हणजे बाकी ३. उत्तराच्या अंकांची बेरीज १३८, बाकी पुन्हा ३. अर्थात, अंकांची अदलाबदल झाली तर ही कसोटी फसते.

११ ची कसोटी अधिक देखणी आहे. उत्तरातील एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा नेमक्या ६९ येतात, म्हणून ११ ने निःशेष भाग जातो. हा ११ गुणकातून आला. तिथे दोन्ही बेरजा ३७ आहेत. संख्येला २, ३ आणि ५ नेही भाग जातो, म्हणजेच ३३० ने. ७ आणि १३ ने जात नाही. दोन्ही वेळा बाकी ४ उरते.

शेवटचे दोन अंक ३० असल्याने ४ ने भाग जात नाही. त्यामुळे ही सम संख्या पूर्ण वर्ग नाही आणि दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी म्हणूनही ती लिहिता येत नाही.