लहान मुलांसह समुद्रकांठीं दोन दिवस : वार ठरविण्यापूर्वीं तिथि पाहावी

शेतकऱ्याच्या संसारांत सुट्टी म्हणून कांहीं नसते, असें म्हणण्याचा आपल्यांत प्रघात आहे, व तो बहुतांशीं खराही आहे. जनावरांच्या वैरणपाण्यास शनिवार नाहीं आणि उसाच्या पाळीस रविवार नाहीं. तथापि मुलें शाळेंत जाऊं लागल्यापासून आठवड्याच्या अखेरचे दोन दिवस घरच्या हिशेबांत येऊं लागले आहेत. आणि पुणें, सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील अनेक बागाईतदार कुटुंबें ते साधून मुलाबाळांसह कोंकणच्या किनाऱ्यावर जाऊं लागलीं आहेत. ही चाल चांगली आहे, असें आमचें मत आहे. विहीर आणि पाट यांपलीकडे पाणी न पाहिलेल्या मुलास समुद्र पाहून जें वाटतें तें पुस्तकांतील दहा धड्यांनीं वाटणार नाहीं. घरच्या गृहिणीस दोन दिवस चुलीपासून मोकळीक मिळते, हाही लाभ लहान नव्हे.

परंतु या सहलींत एक उणीव आमच्या नजरेस वारंवार येते. आपण दिवस ठरवितों तो शाळेच्या सुट्टीवरून व गाडी कधीं मोकळी आहे यावरून. समुद्र मात्र वारावर चालत नाहीं. तो चंद्रावर चालतो. ज्या घरांत पेरणीस नक्षत्र आणि लग्नास मुहूर्त पाहिल्याविना पाऊल उचललें जात नाहीं, त्याच घरांतून पांच वर्षांचें पोर घेऊन समुद्रावर जातांना पंचांग उघडलें जात नाहीं, हें आश्चर्य होय. वस्तुतः तें एकदां पाहिल्यानें मुलांवरील मोठा धोका पुष्कळसा टळण्याजोगा आहे.

समुद्राचें पाणी एका अहोरात्रांत दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. चढण्यास भरती व उतरण्यास ओहोटी म्हणतात; किनाऱ्यावरील लोकांच्या तोंडीं ओहोटीस ‘सुकती’ असाही शब्द आहे. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीस सुमारें सव्वासहा तास लागतात, आणि प्रत्येक दिवशीं भरतीची वेळ आदल्या दिवसापेक्षां सुमारें ५० मिनिटांनीं पुढें जाते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, तो भांग. उधाणाचा व भांगाचा खरा जोर त्या त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनीं दिसतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतील जुनी रीत अगदीं सोपी आहे. त्या दिवशींच्या तिथीची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां, एकादशीस सव्वाआठ वाजतां. दोन्ही पक्षांस हिशेब एकच. मात्र अमावास्येपुढें पंचांगांत ३० हा अंक असतो, तो येथें १५ धरावा. पौर्णिमेस व अमावास्येस याप्रमाणें सव्वाअकरा येतात. ही वेळ दिवसाची तशीच रात्रीची. हा हिशेब ठोकळ आहे. तो मुंबई व रायगडच्या बाजूस बराच जुळतो, आणि दक्षिणेस मालवणकडे भरती कांहीं आधीं येते. म्हणून त्या गांवची नेमकी वेळ भरतीच्या छापील कोष्टकावरून अथवा तेथील कोळ्यास विचारून पक्की करून घ्यावी.

आतां या हिशेबाचा उपयोग पाहूं. लहान मुलांस घेऊन लोक पुळणीवर बहुधा सायंकाळीं चारच्या पुढें, ऊन उतरल्यावर जातात. पौर्णिमेच्या दिवशीं सव्वाअकरास भरती झाली म्हणजे ओहोटी सुमारें साडेपांचास पुरी होते. म्हणजे दुपारपासून सायंकाळपर्यंत पाणी मोठ्या ओढीनें समुद्रांत परत जात असतें, आणि नेमक्या त्याच वेळीं आपण मुलांस पाण्यांत सोडतों! उलट अष्टमीस ओहोटी दुपारीं बाराच्या सुमारास होऊन सहापर्यंत पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असतें, व चढही थोडा असतो. दशमीस तें साडेसातपर्यंत चढतें. तेव्हां सायंकाळच्या खेळास अष्टमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस त्यांतल्या त्यांत सौम्य होत. शाळा बुडवावी असें आमचें म्हणणें नाहीं. महिन्याच्या चार शनिवारांपैकीं सामान्यतः एकाआड एक असे दोन भांगाकडे व दोन उधाणाकडे झुकलेले असतात. चतुर्थी व एकादशी अशी जोडी आल्यास एकादशीचा शनिवार पत्करावा. पंधरा दिवस थांबल्यानें समुद्र कोठें जात नाहीं.

याचा अर्थ भांगाच्या दिवशीं धोका नाहीं असा मात्र कोणीं करूं नये. सन २०१६ च्या फेब्रुवारीच्या १ तारखेस रायगड जिल्ह्यांतील मुरुड येथें पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी समुद्रांत बुडून मरण पावले. तीं कांहीं तान्हीं मुलें नव्हतीं. कॉलेजांत शिकणारीं तरुण माणसें होतीं. त्या दिवशीं तिथि पाहिली तर माघ महिन्याच्या अलीकडची कृष्ण अष्टमी होती. तिथि ही पेरणीच्या वापशासारखी आहे; वापसा असला म्हणजे पीक आलेंच असें नव्हे, राखण करावीच लागते.

आमच्या शेतकरी बांधवांस येथें एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आपल्यांतील पुष्कळ जण विहिरींत पोहावयास शिकलेले असतात, आणि त्यामुळें समुद्राविषयीं त्यांचा धीर अवास्तव वाढतो. विहिरीचें पाणी खोल असलें तरी जागचें हालत नाहीं. समुद्राच्या पुळणीवर लाटांनीं आलेलें पाणी परत जातांना कधीं कधीं एखाद्या अरुंद पट्ट्यांतून वेगानें आंत जातें. दोन्ही बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच एक पट्टा शांत व कांहींसा काळसर दिसतो, तोच बहुधा हा ओढीचा पट्टा असतो. आणि अजाण माणूस शांत पाणी पाहून मुलांस नेमका तेथेंच नेतो. या ओढींत कोणी सांपडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करूं नये. पुरांत सांपडलेला जाणता माणूस धारेशीं झुंजत नाहीं, आडवा निघतो. त्याचप्रमाणें अंग तरतें ठेवून किनाऱ्याच्या समांतर सरकावें व ओढ सुटल्यावर परतावें. किनाऱ्यावरील माणसानें मागोमाग उडी न घेतां दोर, बांबू किंवा झांकण लावलेला रिकामा डबा फेकावा व जीवरक्षकास अथवा कोळ्यांस हांक मारावी. एकास वाचविण्यास गेलेला दुसराही जातो, हें विहिरीच्या अपघातांत आपण पाहिलेलेंच आहे.

लहान मुलांपुरते नियम थोडे पण कडक असावे. पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर जाऊं देऊं नये. बापाचा गुडघा हें माप धरूं नये. मुलाचा हात धरून मोठ्या माणसानें समुद्राच्या बाजूस उभें राहावें. राखण कोणाकडे हें नांव घेऊन ठरवावें. मळ्याची राखण चौघांवर सोंपविली कीं ती कोणाचीच होत नाहीं. ज्याच्याकडे राखण असेल त्यानें तेवढा वेळ भ्रमणध्वनि खिशांत ठेवावा व छायाचित्रें काढण्याचें काम दुसऱ्यास द्यावें. बुडणारें मूल ओरडत नाहीं. तें मुकाट्यानें पाण्याखालीं जातें, म्हणून कान नव्हे, डोळे त्याच्याकडे पाहिजेत. पावसाळ्यांत तर मुलांस पाण्यांत नेऊंच नये. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतो, तो भीतीनें नव्हे, जाणतेपणानें.

कांहीं ठिकाणें अशीं आहेत कीं तेथें वेळेचा हिशेब चुकल्यास पाण्यांत न उतरतांही संकट येतें. अलिबागेस ओहोटीच्या वेळीं कुलाबा किल्ल्यांत पायीं जातां येतें. परंतु किल्ला पाहण्यांत वेळ गेला म्हणजे वाट पाण्याखालीं जाते. भांगाच्या दिवसांत ती वाट पुरती उघडी पडतेच असेंही नाहीं. तेथील माहितगारानें होकार दिल्याविना लहान मूल कडेवर घेऊन निघूं नये. हरिहरेश्वरास देवाची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकांवरून आहे. भरतीच्या लाटा त्या वाटेवर येतात व खडक निसरडे असतात. मुलें बरोबर असतां देवास मुख्य देवळांतूनच नमस्कार करावा, त्यांत पुण्य उणें होत नाहीं. ज्या घरीं उतरावें त्या घरच्या यजमानास तीन प्रश्न अवश्य विचारावे : आज भरती किती वाजतां, गांवचीं मुलें कोठें डुंबतात, आणि पूर्वीं माणसें कोठें बुडालीं. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणी आपण होऊन सांगत नाहीं, विचारल्यास सांगतात.

दैवयोगानें अपघात झालाच, तर पाण्यांतून काढलेल्या मुलास उलटें टांगणें, गरगर फिरविणें किंवा पोट दाबून पाणी काढणें या जुन्या समजुती सोडून द्याव्या. त्यांत मोलाचीं मिनिटें जातात. मूल श्वास घेत नसेल तर त्यास उताणें निजवून हनुवटी किंचित वर उचलावी, नाक चिमटींत धरून आपल्या तोंडानें त्याच्या तोंडांत, छाती उचललेली दिसेल इतका, श्वास पांच वेळां द्यावा. नंतर छातीच्या मध्यावर तळहातानें ३० दाब व मग २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सोय महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. श्वास परतला तरी मुलास दवाखान्यांत नेलेंच पाहिजे. हा विधि जवळच्या आरोग्यकेंद्रांत आधींच एकदां पाहून घेतला तर उत्तम.

प्रवासाविषयीं थोडेंसें. कुंभार्ली, आंबा, ताम्हिणी यांपैकीं कोणत्याही घाटानें उतरलें तरी वळणें पुष्कळ आहेत व मुलांस ओकारी होते. निघतांना पोटभर तळलेलें न देतां हलकें खाणें द्यावें, आणि घाटांत एक-दोनदां गाडी थांबवावी. रात्रीं घाट उतरूं नये. किनाऱ्याची हवा दमट असल्यानें घाम फार जातो. पाणी सारखें पाजीत राहावें. जुलाब किंवा ओकाऱ्या झाल्यास १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. मुलांस तेथील मऊ भात, घावन, शहाळें हेंच अन्न मानवतें. दहा ते चारपर्यंत त्यांस पुळणीवर न ठेवतां माडांच्या सावलींत ठेवावें.

हाच दुपारचा वेळ शेतकऱ्यानें आपल्या उपयोगाचा करावा. दापोलीस १९७२ सालीं स्थापन झालेलें कोंकण कृषि विद्यापीठ आहे. नीलम व हापूस यांच्या संकरांतून तयार केलेली ‘रत्ना’ ही आंब्याची जात त्याच विद्यापीठानें १९८१ सालीं दिली. श्रीवर्धनास रोठा सुपारीच्या बागा आहेत. माडाच्या उंच सावलींत सुपारी, तिच्या आधारानें मिरीचा वेल, अशी एकाच जागेंतील मजल्यांची शेती मुलांस दाखवावी. तेथेंच २०२० च्या जूनच्या ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ येऊन श्रीवर्धन व दापोलीच्या बाजूच्या असंख्य वाड्या आडव्या झाल्या. नारळ-सुपारीचें झाड गेलें म्हणजे नवें लावून फळाची वाट अनेक वर्षें पाहावी लागते. गारपिटीनें द्राक्षें गेलेल्या घरच्या मुलास हें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. सायंकाळीं हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तोही दाखवावा. आपल्या मालाचा भाव बोलतांना शेतकऱ्यासारखाच कोळीही कसा आशाळभूतपणें पाहतो, हें मुलांच्या ध्यानांत येईल.

निघण्यापूर्वीं धारा काढण्याची व पाण्याच्या पाळीची व्यवस्था भावकींत लावून द्यावी, म्हणजे मन मागें राहत नाहीं. आणि शेजाऱ्याच्या सहलीच्या वेळीं आपण त्याचा गोठा सांभाळावा. दसऱ्यानंतर खरिपाची मळणी उरकली कीं होळीपर्यंतचे महिने या कामास बरे. वाचकांनीं या अंकाचें वाचन झाल्यावर भिंतीवरचें पंचांग काढून, ज्या शनिवारीं अष्टमी ते एकादशीपैकीं तिथि पडते त्यापुढें पेन्सिलीनें खूण करून ठेवावी, व मुलें हट्ट धरतील तेव्हां त्या खुणेचा दिवस त्यांस सांगावा.