कातडीखालची चरबी आणि आतली चरबी

टमी टक केल्यावर वजन किती उतरतं, हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो. बेताच्या बांध्याच्या माणसाच्या पोटावरून काढलेली कातडी आणि चरबी मिळून बहुधा एक-दोन किलोच भरते. बेंबीखालची लोंबती कातडी काढायची, बाळंतपणात एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाके घालून जवळ आणायचे, वरची कातडी खाली ओढून शिवायची आणि बेंबीसाठी तिच्यात नवी जागा करायची, एवढंच या शस्त्रक्रियेचं काम. वजन घटवणं तिच्या कामात बसतच नाही. तरीही ती कुणाला लाभेल आणि कुणाच्या अंगाशी येईल, हे बऱ्याच अंशी वजनच ठरवतं.

मात्र काट्यावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, हे बारामती-इंदापूरकरांना वेगळं सांगायला नको. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात उसाच्या सारख्याच टनांच्या दोन गाड्या काट्यावरून गेल्या, तरी दोन्ही उसांचा साखर-उतारा सारखा पडेलच असं नाही. माणसांचंही तसंच असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा आपला बांधा. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. जागतिक मापात हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

याचा टमी टकशी थेट संबंध आहे. पोटाची चरबी दोन जागी असते. एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांच्या भोवती. सर्जनची सुरी पहिलीपर्यंतच पोचते. माणूस उताणा झोपल्यावर पोट बरगड्यांच्या खाली बसलं, तर दोष सैल कातडीचा आणि स्नायूंचा समजायचा. झोपूनही घुमटासारखं वर राहिलं, तर माल आत आहे. अशा पोटाचे स्नायू ताणून शिवले तरी आतला दाब त्यांना पुन्हा बाहेर रेटतो. शिवाय तो दाब वर छातीच्या पडद्यावर येऊन श्वास अपुरा पडतो आणि खाली शिरांवर येऊन पायांतलं रक्त साकळतं. त्याची गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आतली चरबी घटवायला आहार आणि चालणंच लागतं, आणि सुदैवाने वजन उतरू लागलं की तीही बऱ्यापैकी हटते.

कातडीखालच्या जाड थराचं दुखणं वेगळं. शस्त्रक्रियेत पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत स्नायूंपासून सुटी करतात. स्नायूंमधून तिला रक्त पुरवणाऱ्या मधल्या वाहिन्या तुटतात आणि सगळी भिस्त दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर राहते. बेंबीखालची मधली कड या रक्तापासून सर्वांत लांब, आणि टाक्यांचा ताणही तिथेच जास्त. चरबीला मुळातच रक्त कमी मिळतं. म्हणून बीएमआय ३० च्या पुढे गेला की जखम उसवणं, पू होणं, कातडीखाली पाणी साठणं हे धोके वाढत जातात. कित्येक सर्जन तिथेच थांबवून आधी वजन कमी करायला सांगतात, आणि मला ते रास्त वाटतं.

बेंबीखालच्या याच कडेला तंबाखूही नडते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असं विचारलं तर आपल्याकडची बाई ‘नाही’ म्हणेल आणि ते खरंच असेल. पण सकाळी दाताला लावलेली मिश्री तिच्या हिशेबात व्यसन नसतेच. ती किमान महिनाभर आधी सोडायला हवी. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही करून घ्यावी.

शस्त्रक्रियेसाठी पुणे गाठणाऱ्यांनी परतीचा हिशेबही आधीच मांडावा. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. कातडीखालचं पाणी काढणारी नळी पोटाला लावलेली असताना एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवून गाडीत बसणं म्हणजे गुठळीला आमंत्रण. सुरुवातीचे काही दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहावं. चाऱ्याचा भारा, पाण्याचा हंडा, कडेवर पोर हे साधारण दीड महिना बंद. ज्या घरात दोन म्हशी आहेत तिथे हा नियम किती पाळला जातो, हे आपण जाणतोच.

वेळ कोणती धरायची? वजन निदान सहा महिने एका जागी टिकल्यावर. लठ्ठपणासाठी जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात. झपाट्याने वजन उतरताना प्रथिनं आणि लोह कमी पडतं, आणि त्यांच्याशिवाय जखम भरत नाही. टमी टकनंतर दहा-पंधरा किलो उतरवले तर कातडी पुन्हा सैल पडते. तेवढेच चढवले तर? काढून टाकलेल्या चरबीपेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या फुगतात. मग खालचं पोट त्या मानाने सपाट राहतं, चरबी बेंबीच्या वर, पाठीवर, दंडावर दिसू लागते, आणि आतड्यांभोवतीची जागा तर तिला कायमच मोकळी असते.