किल्ली गरजेपुरतीच!
रुग्णालय मंचरचे असो वा दिल्लीचे, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली सगळ्यांकडे नसते. संगणकालाही हाच नियम हवा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’च्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली.

लिनक्समधील ‘रिस्ट्रिक्टेड शेल’ वापरणाऱ्याला फोल्डर बदलू देत नाही. नेमून दिलेल्या कमांडच चालवू देते. पण त्या यादीत ‘व्हीआय’सारखा एडिटर राहिला, तर त्यातूनच पूर्ण शेल उघडता येते. म्हणजे कपाटाला कुलूप, पण मागची फळी सैल! म्हणून यादी गरजेपुरती ठेवून अधूनमधून तपासावी. एवढ्याने प्रत्येक हल्ला टळत नाही. नुकसान मात्र आवरता येते. नोंदींची वेगळी प्रतही ठेवावीच. रुग्णाची ॲलर्जी त्याच नोंदीत लिहिलेली असते.