संगणकातील पाणी आणि उष्णतेची वाट

श्रोतेहो, मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे इंजिन तापू लागले, की जाणता चालक आधी कुठे पाहतो? रेडिएटरच्या जाळीकडे. तिथे भूस अडकलेले असते. ते झटकले, की इंजिन पुन्हा नीट चालते. आज बोलायचे आहे ते संगणकाविषयी. पण गोष्ट तीच आहे, बरं का.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काडेपेटीएवढा हा तुकडा भारी कामाला लागला, की २०० वॅटपर्यंत वीज खातो, आणि ती जवळजवळ सारी उष्णता होऊन बाहेर पडते. ती निघून गेली नाही, तर प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. तासाभराचे काम अर्ध्यावर राहते.

शाळेतल्या साध्या संगणकाला पंखा पुरतो. मोठ्या यंत्रांना मात्र पाण्याची मदत घेतात. कारण सोपे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढीत सुमारे ३,५०० लिटर हवा एक अंशाने तापेल! पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही थेट द्रवाने थंड करण्याचीच युक्ती योजली होती.

आता उष्णतेची वाट पाहू. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवलेला असतो. दोहोंच्या मध्ये लेपाचा पातळ थर असतो. ठोकळ्यातून पाणी वाहते, पंप ते रेडिएटरकडे ढकलतो, आणि तिथे पंख्याचा वारा त्यातली उष्णता खोलीत सोडतो. म्हणजे पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. हमालासारखे ते ओझे इथून उचलून तिथे टाकते.

पुष्कळांना वाटते, पंप मोठा बसवला की झाले. हिशेब करून पाहा. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर २०० वॅट उष्णता घेऊन ते जेमतेम ३ अंशांनी तापते. पंप दुप्पट केला, तर ३ चे दीड होतील. एवढ्यासाठी पैसे का घालावेत? अडचण बहुधा दुसरीकडेच असते.

पहिली जागा रेडिएटरची जाळी. यंत्र बंद करून मऊ ब्रशाने धूळ काढा. दुसरी जागा लेप. तो वाळला असेल तर पुसून नवा, पातळ लावा, आणि ठोकळ्याचे स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळा. तिसरी जागा हवेचे बुडबुडे. पाण्याची टाकी पंपाच्या वर असावी, म्हणजे बुडबुडे पंपात शिरत नाहीत. चौथी गोष्ट पाणी. बोअरचे पाणी कधीही घालू नका. क्षार साचून ठोकळ्याच्या बारीक वाटा बुजतात. या कामासाठी मिळणारा तयार द्रवच वापरावा. बाजारातले सीलबंद संच मात्र उघडू नका. तिथे जाळी आणि लेप एवढेच आपल्या हाती.

कोणी म्हणेल, माठातले पाणी हवेहून गार होते, मग हे का नाही? माठाचे पाणी पाझरते, त्याची वाफ होते, म्हणून ते गार होते. इथले पाणी नळीत कोंडलेले. ते खोलीतल्या हवेहून गार होणार नाही. म्हणून संगणक भिंतीला चिकटवून किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. बर्फाचा प्रयोग तर नकोच. गार तांब्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसा तो नळीलाही सुटेल, आणि विजेच्या भागांवर एक थेंब पडला तरी यंत्र कामातून जाईल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. तेच काम यंत्राला देऊन खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान मुलांकडून लिहून घ्या. डिसेंबर आणि एप्रिलचे नुसते आकडे फसवतात. पाहायचे ते दोहोंतील अंतर. ते वाढू लागले, की समजावे, वाटेत कुठेतरी भूस अडकले आहे. आधी ते शोधावे. नवा पंप मग घ्यावा.