बेघर, उंबरठा आणि सुबह

उर्दूच्या तासाला मिर्झा हादी रुस्वा यांच्या 'उमराव जान अदा' या पुस्तकाचे नाव तुमच्या कानांवर आले असेल. उर्दूत ज्याला नाविल म्हणतात, त्याला मराठीत कादंबरी म्हणतात. बाणभट्टाच्या एका जुन्या संस्कृत ग्रंथाचे नाव 'कादंबरी' होते. त्यावरूनच हा शब्द मराठीत रूढ झाला. रुस्वांचे पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात उमराव आपली कहाणी स्वतः लेखकाला सांगते आणि आपण ती ऐकतो. १९८१ साली मुजफ्फर अली यांनी तिच्यावर 'उमराव जान' हा चित्रपट काढला. तेथे ऐकणारे आपण पाहणारे झालो. लखनौची मैफल, पोशाख, झुंबरे, गल्ल्या हे सारे कोणाला तरी पडद्यासाठी उभे करावे लागले.

हे काम ज्याच्या नजरेखाली होते, तो दिग्दर्शक. 'दिक्' म्हणजे दिशा आणि 'दर्शक' म्हणजे दाखवणारा. उर्दूत त्याला हिदायतकार म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

आपल्या खानदेशाला पुस्तकावरून निघालेले चित्रपट नवे नाहीत. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिच्यावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण ज्या दिग्दर्शकाने एकामागून एक मराठी कादंबऱ्या पडद्यावर आणल्या आणि प्रत्येक वेळी वेगळी वाट धरली, त्यांचे नाव डॉ. जब्बार पटेल.

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ साली पंढरपूरला झाला. शाळा सोलापूरला झाली. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते मुलांचे डॉक्टर झाले. त्यांनी दवाखाना थाटला तो दौंडला. चाळीसगावहून मनमाडला गेले, की तेथून दौंडची गाडी मिळते. चाळीसगावसारखेच तेही रेल्वेचे जंक्शन. अशा गावात दिवसा लहान मुलांना तपासणारा हा डॉक्टर पुण्याला जाऊन नाटके बसवत असे. १९७२ साली त्यांनी विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले. त्यावर मोठे वादळ उठले. ज्या संस्थेने ते नाटक केले, तिनेच थोड्या प्रयोगांनंतर ते थांबवले. तेव्हा नाटकातील तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ साली त्यांनी 'थिएटर अकॅडमी' ही नवी संस्था काढून पुन्हा प्रयोग सुरू केले.

त्यांचा पहिला चित्रपट 'सामना'. तो १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. मात्र तो कादंबरीवर नव्हता. तेंडुलकरांनी तो थेट पडद्यासाठीच लिहिला होता. तेव्हा तो बाजूला ठेवू.

कादंबरीवरचा पहिला चित्रपट म्हणजे १९७७ सालचा 'जैत रे जैत'. कादंबरी गो. नी. दांडेकर यांची. दांडेकर गडकिल्ल्यांवर हिंडणारे लेखक. रायगड जिल्ह्यातील कर्नाळ्याच्या परिसरात राहणाऱ्या ठाकर या आदिवासी लोकांची ही गोष्ट आहे. नाग्या हा ढोल वाजवणारा तरुण. डोंगराच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत. तेथली माशी त्याचा एक डोळा घेते आणि तो त्या राणीमाशीशी हट्टाला पेटतो. चिंधी त्याच्यावर जीव लावते. शेवट काय होतो ते येथे सांगत नाही.

अशा कादंबरीत रानाची वर्णने पानेच्या पाने असतात. कॅमेरा झाड दाखवतो, पण त्या झाडाविषयी ठाकराला काय वाटते हे कसे दाखवणार? जब्बार पटेल यांनी ते काम गाण्यांवर सोपवले. गाणी लिहिली ना. धों. महानोर यांनी आणि चाली बांधल्या हृदयनाथ मंगेशकर यांनी. महानोर तर आपले शेजारीच. अजिंठ्याच्या डोंगराजवळचे पळसखेड हे त्यांचे गाव. ते स्वतः शेती करत. २०२३ साली त्यांचे निधन झाले. शेतात राबणाऱ्या कवीचे शब्द कोकणातल्या ठाकरांच्या तोंडी बसले, ते सहज बसले. या चित्रपटात गाणी इतकी आहेत, की काही ठिकाणी गोष्ट संवादांपेक्षा गाण्यांतूनच पुढे सरकते.

१९७९ साली आलेल्या 'सिंहासन' या चित्रपटात अडचण उलटी होती. सिंहासन म्हणजे तख्त. अरुण साधू हे पत्रकार होते. त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांत मुख्यमंत्री आहेत, त्यांचे तख्त ओढू पाहणारे मंत्री आहेत, कामगारांचा पुढारी आहे, तस्कर आहेत आणि झोपडीत राहणारी माणसेही आहेत. दोन जाड पुस्तके आणि हातात दोन-अडीच तास! वाचक पुस्तक मिटून ठेवू शकतो, मागचे पान उलटून 'हा कोण बरे?' असे पाहू शकतो. चित्रपटगृहात ती सोय नाही.

म्हणून आधी पटकथा लिहावी लागते. पटकथा म्हणजे पडद्यासाठी दृश्यांत मांडलेली कथा. उर्दूत तिला मंजरनामा म्हणतात. 'सिंहासन'ची पटकथा तेंडुलकरांनी लिहिली. त्यांनी दोन कादंबऱ्यांची एक गोष्ट केली आणि तिच्या मधोमध दिगू टिपणीस हा बातमीदार ठेवला. बातमीदाराला सगळीकडे वाट असते. तो मंत्र्याच्या बंगल्यावर जातो, पुढाऱ्याला भेटतो, वस्तीतही जातो. त्याच्या मागोमाग प्रेक्षक जातात आणि गोंधळत नाहीत. मला विचाराल तर, मण्यांमधून दोरा ओवावा तसा हा दिगू चित्रपटभर ओवला आहे. निळू फुले यांनी ही भूमिका केली. खलनायक म्हणून गाजलेला हा नट येथे बहुतेक वेळ गप्प राहतो आणि पाहतो. मुख्यमंत्री झाले अरुण सरनाईक आणि त्यांच्या विरोधात डाव टाकणारे अर्थमंत्री झाले डॉ. श्रीराम लागू. मंत्र्याच्या मनात काय चालले आहे, हे कादंबरीकार एका वाक्यात लिहून मोकळा होतो. नटाला ते पापणी हलवून सांगावे लागते. शेवटी हे सारे राजकारण पाहून थकलेला दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो.

आता सर्वांत अवघड काम. मनातले, घरातले, कोणालाही बाहेरून न दिसणारे दुःख पडद्यावर कसे आणायचे?

चाळीसगावच्या मुलांना केकी मूस यांचे नाव ठाऊक असते. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात राहून त्यांनी छायाचित्रे काढली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून ते असे चित्र टिपत, की पाहणाऱ्याला निसर्गदृश्याचा भास व्हावा. कॅमेऱ्याला समोर ठेवलेलेच दिसते. म्हणून काय ठेवायचे आणि उजेड कोठून द्यायचा, हे कलावंताला ठरवावे लागते. चित्रपटाच्या दिग्दर्शकाचीही तीच अडचण असते.

शांता निसळ यांनी 'बेघर' नावाची कादंबरी लिहिली. हा शब्द मी तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. तो तुमच्या भाषेतलाच आहे. या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९८२ साली चित्रपट काढला आणि त्याचे नाव बदलून 'उंबरठा' ठेवले. उंबरठा म्हणजे दहलीज.

नाव का बदलले असेल? नायिका सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातील सून आहे. नवरा वकील आहे. सासूबाई स्वतः समाजकार्य करतात. एक लहान मुलगी आहे. या घरात तिला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या सुलभेला स्वतःचे काही काम करायचे आहे. दूरच्या गावी निराधार स्त्रियांच्या आश्रमात अधीक्षकाची जागा मिळते. घरच्यांची नाराजी पत्करून आणि मुलीला मागे ठेवून ती जाते. आश्रमात तिला दिसते ती वेगळीच दुनिया. टाकून दिलेल्या, फसवलेल्या बायका आणि त्यांच्या नावावर कारभार करणारी मंडळी. ती भांडते, थकते, राजीनामा देते आणि घरी परतते. तोवर मुलगी दुरावलेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. तो ते तिच्यापासून लपवत नाही. तिने तरीही याच घरात राहावे, असे त्याला वाटते. सुलभा राहत नाही.

'बेघर' हा शब्द तिचे पुढे काय झाले ते सांगतो. तो शेवटचा निकाल आहे. 'उंबरठा' मात्र डोळ्यांना दिसतो. प्रत्येक घराला तो असतो. त्याच्या अलीकडे एक जग, पलीकडे दुसरे, आणि बाई रोज तेथून जा-ये करते. चित्रपटात सुलभा हा उंबरठा एकदा नोकरीसाठी ओलांडते, परत येताना ओलांडते आणि शेवटी कायमची ओलांडते. कादंबरीतला विचार दिग्दर्शकाने असा एका वस्तूत आणून ठेवला. पुस्तकातले बरेच काही यात गळाले असणार. पण हे एक नवे सापडले.

आणि त्याच चित्रपटाला हिंदीत तिसरेच नाव मिळाले, 'सुबह'. बेघर म्हणजे जिचे घर गेले ती. उंबरठा म्हणजे जेथे पाऊल उचलायचे ती जागा. सुबह म्हणजे त्यानंतर उजाडणारा दिवस. बाई एकच, गोष्ट एकच. कोणते नाव अधिक खरे वाटते, यावर तुमच्या वर्गात एकमत होणार नाही, आणि सुलभेने घर सोडावे की नाही, यावर तर मुळीच होणार नाही.

सुलभेची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. त्या जन्मल्या पुण्यात, पण घराणे खानदेशचे, धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. चित्रपटांत नाव होण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. 'जैत रे जैत'मधील ठाकरीण चिंधीही त्याच. अनवाणी रानात धावणारी चिंधी आणि घरात गुदमरणारी सुलभा, दोन्ही भूमिका एकाच नटीने पाच वर्षांच्या अंतराने केल्या. १९८६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दूरदर्शनचा येथे आणखी एक उल्लेख करायला हवा. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या कादंबरीवर गजानन जागीरदार यांनी मालिका केली. मालिकेला आठवड्यामागून आठवडे मिळतात. 'सिंहासन'सारखी कापाकापी तिला करावी लागत नाही. पण प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत धरून ठेवणे हे तिचे वेगळेच दुखणे असते.

जब्बार पटेल यांनी पुढे 'मुक्ता' हा चित्रपट काढला. २००० साली आलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात तर कादंबरीऐवजी एका खऱ्या माणसाचे आयुष्य त्यांच्यापुढे होते. तेथे मनाने काही बदलण्याची मुभा फार थोडी होती. 'उंबरठा'च्या वेळी ती होती, आणि तिची किंमतही होती. 'बेघर' वाचणारा प्रत्येक जण आपली सुलभा आपल्या मनात घडवतो. कोणाची उंच, कोणाची ठेंगणी, कोणाची बोलकी, कोणाची अबोल. ज्यांनी 'उंबरठा' पाहिला, त्यांना सुलभा कशी दिसत होती असे विचारा. ते क्षणभरही न थांबता स्मिता पाटील यांचे नाव घेतील.