लग्नाची डीव्हीडी रिप करताय? आधी हे वाचा

डीव्हीडी रिप करायच्या बहुतेक मार्गदर्शिका 'हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर उघडा, स्टार्ट दाबा' इथेच थांबतात. नवशिक्यांनो, त्याआधी एवढं तपासा:

१) आपल्याकडच्या लग्न-मुंजीच्या डीव्हीडी बहुधा पाल पद्धतीच्या असतात: ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. १०८०पी केल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

२) अक्षता उडताना कडांवर कंगव्यासारखे दाते दिसले, तर चित्र इंटरलेस्ड आहे. डीइंटरलेस चालू करा.

३) एक्स२६४ या एन्कोडरमध्ये आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, १८ ते २२ ठेवा. आकडा लहान, तर दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

४) आधी छोटा तुकडा एन्कोड करून पाहा.

डीव्हीडीवरून उतरवलेला मूळ व्हिडिओ_टीएस फोल्डर मात्र पुसू नका. एन्कोडिंगमध्ये गेलेला तपशील परत येत नाही. डिस्क वाचली जातेय तोवरच हे काम उरका!